वीतभर अंतर

आमच्याकडं लग्न ठरलं की आता आचाऱ्याच्या आधी कोरिओग्राफर ठरतो. आमच्याकडं म्हणजे किकवीला, भोर तालुक्यात. पुण्याहून साताऱ्याकडं जाताना कापूरहोळ सोडलं की किकवी लागतं आणि पुढं सारोळ्याला नीरा ओलांडली की जिल्हा बदलतो. या पट्ट्यातल्या लॉनवर गेल्या तीन-चार वर्षांत मी जी लग्नं पाहिली, त्यातल्या बहुतेकांत हळदीच्या किंवा संगीताच्या रात्री एक ‘कपल डान्स’ होता. स्टेजवर पांढरा धूर, दोन्ही बाजूंना थंड फटाक्यांची कारंजी, वर ड्रोन. नवरदेवाचा डावा हात नवरीच्या उजव्या हातात, त्याचा उजवा हात तिच्या पाठीवर. गाणं हिंदी, पण पावलं वॉल्ट्झची. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, मग एक गिरकी, मग तिला मागं झुकवून तीन सेकंद स्थिर. तिथं फोटो.

नंतर रील पडतं आणि खाली दोन पक्ष जमतात. एक म्हणतो, ही आपली संस्कृती नाही. दुसरा म्हणतो, किती गोड, जग कुठं चाललंय बघा. दोघांचं एका गोष्टीवर एकमत असतं : हा नाच साहेबाचा आहे, झुंबराखालचा आहे, वरून खाली आला आहे. मला या दोघांशी भांडायचंय. आणि त्या नाचाशीही, पण वेगळ्या कारणासाठी.

आधी साहेबाचं बघू. वॉल्ट्झ हा शब्द जर्मन ‘वाल्झन’वरून आला, अर्थ गोल फिरणं, घरंगळणं. ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतले शेतकरी ‘लेंडलर’ नावाचा तीन मात्रांचा गिरकीचा नाच करायचे. जाड बूट, पाय आपटणं, जोडीनं फिरणं. त्याच वेळी दरबारात मिन्युएट चालायचा. त्यात बाई-माणूस फक्त बोटांची टोकं धरत आणि सगळ्या सभेला दिसेल असे नाचत. अठराव्या शतकाच्या शेवटी हा गावठी गिरकीचा नाच व्हिएन्नाच्या नाचघरांत शिरला. १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेला युरोपभरचे राजे आणि मुत्सद्दी जमले, त्या काळात तो सगळ्यांच्या पायांत गेला. खालून वर गेलेली गोष्ट आहे ही.

आणि तिथंही लोकांनी आपल्या रीलखालच्या मंडळींसारखंच केलं. १८१६ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राच्या समारंभात वॉल्ट्झ झाला, तेव्हा लंडनच्या ‘द टाइम्स’नं त्यावर झोड उठवली. तक्रार काय होती? की हा नाच परका आणि असभ्य आहे, आपल्या सभ्य बायकांना शोभत नाही. म्हणजे ज्याला आपण इंग्रजी थेर म्हणतो, त्याला इंग्रज दोनशे वर्षांपूर्वी परदेशी थेर म्हणत होते. भीती पावलांची नव्हतीच. मिन्युएटमध्ये जोडी सभेकडं तोंड करून असते, वॉल्ट्झमध्ये ती एकमेकांकडं तोंड करून गोल फिरते आणि सभेला पाठ दाखवते. सोबत आलेल्या आत्याबाईला ऐकू जाणार नाही असं काहीतरी दोन माणसं बोलू शकतात. भीती त्याची होती.

बाकीच्या नाचांची जन्मकुंडली याहून गरीब आहे. टँगो ब्युनोस आयर्स आणि मोंतेविदेओ या दोन बंदरांच्या वस्त्यांतला. स्थलांतरित मजूर, मुक्त झालेल्या गुलामांची पोरं, गोदीकामगार. बाया कमी, म्हणून पुरुष पुरुषांबरोबरच सराव करायचे असं सांगतात. १९१३ च्या सुमाराला पॅरिसनं टँगो उचलला, मग अर्जेंटिनाच्या बड्या घरांनाही तो एकदम आपला वाटू लागला. रुंबा आणि सांबामागं क्यूबा आणि ब्राझीलमधले आफ्रिकी वंशाचे लोक आहेत. चा-चा-चा तर आपल्या आजोबांच्या वयाचा : एन्रिके होर्रीन या क्यूबन व्हायोलिनवादकानं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला चाल बांधली आणि नाचणाऱ्यांच्या तळव्यांचा फरशीवर जो घासल्यासारखा आवाज यायचा, त्यावरून नाव पडलं. जाइव्ह म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीय पोरांचा लिंडी हॉप, जो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या बुटांतून इंग्लंडला पोचला.

मग हे सगळं ‘बॉलरूम’ कसं झालं? इंग्रजांनी त्याचा स्पेक लिहिला. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळं मला हा भाग फार आवडतो आणि थोडा खुपतोही. १९२० पासून लंडनमध्ये नाच शिकवणाऱ्यांच्या परिषदा भरू लागल्या. १९२४ मध्ये तिथल्या इम्पिरियल सोसायटीनं बॉलरूमची वेगळी शाखा काढली. व्हिक्टर सिल्व्हेस्टर १९२२ मध्ये जागतिक स्पर्धा जिंकला, १९२७ मध्ये त्यानं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि पुढं असा बँड काढला की ज्याची लय काटेकोर, केसभरही हलायची नाही. कुठलं पाऊल टाचेवर, कुठलं चवड्यावर, वळण किती अंशांचं, सगळं कागदावर आलं. आज स्पर्धेत दहा नाच असतात, पाच स्टँडर्ड आणि पाच लॅटिन. वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० आवर्तनं, व्हिएनीज वॉल्ट्झ ५८ ते ६०, क्विकस्टेप ५० ते ५२. रुंब्यात जोडी पहिल्या मात्रेवर पुढं जात नाही, दुसरीवर पाऊल टाकते. पहिल्या मात्रेला शरीराचं वजन नुसतं कंबरेतून उतरतं. माझ्या मते सगळ्या दहा नाचांत याहून सुंदर कल्पना नाही.

स्पेक लिहिल्यानं नाच जगभर पोचला हे खरंच. पुण्यात मी आठ महिने एका क्लासला जातो, तिथं शिकलेलं पाऊल उद्या टोकियोत अनोळखी माणसाबरोबर चालेल. पण स्पेकमध्ये गोदीकामगार कुठंच दिसत नाही. तो गाळला गेला.

आता आपल्याकडं. मुंबईत ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये १९३५ च्या हिवाळ्यात लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आला. समोर नाचणारे गोरे अधिकारी, पारशी आणि संस्थानिक होते. पण ऐकणाऱ्यांत गोव्याचे वादक होते, आणि त्यांनी कान देऊन ऐकलं. या पोरांना गोव्यातल्या चर्चच्या शाळांमुळं नोटेशन वाचता यायचं. हळदोण्याचा अंतोनिओ झेवियर वाझ त्यांतलाच, पुढं तो चिक चॉकलेट या नावानं ट्रम्पेट वाजवायला लागला. रात्री क्लबात फॉक्सट्रॉट, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग. १९४९ च्या कायद्यानं मुंबईत दारूबंदी कडक झाली, क्लबांची रया जात गेली आणि हे लोक अधिकाधिक स्टुडिओकडं वळले.

बॉलरूमचे वादक सिनेमात आले, बॉलरूमची फरशी आली नाही, हे माझ्या मते आपल्या नाचाच्या इतिहासातलं एक मोठं वळण आहे. रुंब्याचा बोंगो आला, माराकस आले, सॅक्सोफोन आला. तीन मात्रांचा वॉल्ट्झ सहा मात्रांच्या दादऱ्यात बसला, चार मात्रांचा फॉक्सट्रॉट केरव्यात. कानांना काही परकं वाटलं नाही. पण दोन माणसांनी एकमेकांना धरून नाचायचं, हे मात्र दाराबाहेर राहिलं. पडद्यावर तशी जोडी दिसलीच तर ती श्रीमंतांच्या पार्टीत, मागच्या बाजूला, बहुधा खलनायकाच्या ओळखीतली.

याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे १९५१ चा ‘अलबेला’. दिग्दर्शक आणि नायक भगवान पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. हाताशी चिक चॉकलेट, जो एका गाण्यात आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. ‘शोला जो भडके’ लावा. कपडे हवाईचे, ठेका क्यूबाच्या वळणाचा, वादक गोव्याचे, आणि मधे दादर-परळकडचा एक गुबगुबीत माणूस. तो काय करतो? जवळजवळ काहीच नाही. गुडघे किंचित वाकवतो, हात कोपरातून सैल सोडतो, खांदा हलवतो, जागेवरच दोन पावलं इकडं, दोन तिकडं. शेजारी गीता बाली, चपळ, चेहऱ्यावर खोडी. दोघं बहुतांश वेळ शेजारी-शेजारी आहेत, मधे वीतभर अंतर. धरणं नाही.

भगवानदादांच्या नाचाला ‘साधा’ म्हणून टाकायची समीक्षकांना सवय आहे. मला तो साधा वाटत नाही, काटकसरीचा वाटतो. रुंब्यात जे कंबरेतून वजन उतरतं म्हटलं ना, ते या माणसाला कुठल्याही क्लासशिवाय सापडलेलं आहे, फक्त त्यानं ते गुडघ्यात ठेवलंय. पाऊल लहान ठेवल्यामुळं ठेका मोठा ऐकू येतो. आणि हा नाच कुणालाही येतो, हेच त्याचं यश. गणपतीच्या मिरवणुकीत, वरातीत, बँजो पार्टीपुढं आमच्या गावातले काका लोक जे करतात ते हेच आहे. अमिताभच्या नाचात हे सरळ उतरलेलं दिसतं. २०१६ च्या ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटात मंगेश देसाईंनी भगवानदादा उभे केले आणि विद्या बालननं गीता बाली, पण तो सैलपणा ठरवून करायला गेलं की किती कठीण आहे हेच त्यातून कळतं.

वीतभर अंतराची दुसरी गोष्ट गोव्यात आहे, ‘अलबेला’च्या बरीच आधीची. मांडो. एकोणिसाव्या शतकात दक्षिण गोव्यात, साष्टीतल्या कुडतरी-लोटलीसारख्या गावांमधल्या ख्रिस्ती भाटकारांच्या घरांत तो घडला. पोर्तुगीज दिवाणखान्यातले बॉलरूम नाच या घरांना माहीत होते. पण मांडोत कोकणी शब्द, व्हायोलिनसोबत घुमट, सहा मात्रांची संथ लय, आणि नाचताना बायका-पुरुषांच्या दोन समोरासमोर रांगा. बायकांच्या हातात पंखा. रांगा जवळ येतात, ओलांडतात, दूर जातात. स्पर्श जवळजवळ नाहीच. सगळा व्यवहार पंख्याच्या कडेवरून डोळ्यांनी. गीतं विरहाची, हुरहुरीची, आणि नाचच असा की हुरहूर कमी होऊ नये. बॉलरूम घेतला, मिठी वगळली, आणि वगळलेल्या जागेत एक आख्खी कला उभी केली.

म्हणजे आपल्याला स्पर्शाचा नाच माहीतच नव्हता का? इथं संस्कृतीवाल्या पक्षानं जरा आपल्याच अंगणात बघावं. नागपंचमीला, गौरी-गणपतीत, मंगळागौरीला आमच्या चुलत्या आणि आत्या फुगडी घालतात. हातांची कैची, पायांचे चवडे एकमेकींना भिडलेले, कोपरं ताठ, अंग मागं झोकलेलं, आणि गिरकी. साध्या भौतिकशास्त्रात सांगायचं तर दोघींपैकी कुणीच स्वतःच्या तोलावर उभी नसते. दोघींचा मिळून एकच तोल असतो, तो मधे, धरलेल्या हातांच्या खाली. एकीनं हात सोडला तर दोघी पडतात. क्लासमध्ये वॉल्ट्झच्या गिरकीचा तोल समजावताना आमच्या सरांनी अर्धा तास खर्च केला, आणि मला सारखं वाटत होतं की हे तर माझ्या साठीतल्या आत्याला येतं. उखाणे घेत येतं. दंडफुगडी, एका हाताची फुगडी, बसफुगडी असे तिचे प्रकारही आहेत, कुठल्याही इम्पिरियल सोसायटीनं न लिहिलेले. वारीत टाळ खांद्याला अडकवून बाप्ये फुगडी घालतात तीही हीच.

म्हणजे धरणं होतं, गिरकी होती, एकमेकांवर वजन टाकणं होतं. फक्त बाईनं बाईला धरायचं आणि पुरुषानं पुरुषाला. बाई-माणसाच्या मधे तेवढं वीतभर अंतर. परकी गोष्ट असेल तर ती तेवढीच.

आता लॉनवरच्या नाचाकडं परत येतो, कारण माझं खरं भांडण तिथं आहे.

गेल्या वर्षी माझ्या चुलतबहिणीचं लग्न झालं. बघून ठरवलेलं. मुलगा शिरवळच्या एमआयडीसीत नोकरीला. कपल डान्सच्या तालमींसाठी तिला रविवारी गाडीनं न्यायचं-आणायचं काम माझ्याकडं होतं. मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसायचो. कोरिओग्राफर पंचविशीतला पोरगा, मेहनती, पण त्याचं सगळं लक्ष समोरच्या आरशात. “मॅडम, चेहरा इकडं. सर, हनुवटी वर, कॅमेरा तिथं असणारे. स्माइल. होल्ड. होल्ड.” सहा रविवारांत त्यानं त्यांना आठवीस पावलं पाठ करून घेतली. नवऱ्यानं दिशा कशी सुचवायची आणि नवरीनं ती कशी ओळखायची, हे एकदाही सांगितलं नाही. खरं तर जोडीच्या नाचाचा जीव तेवढाच आहे. पुढं जाणारा आपलं वजन आधी हलवतो, पाऊल नंतर. दुसऱ्याला ते तळहातातून आणि पाठीवरच्या हातातून कळतं. तो सेकंदाचा तुकडा थांबतो, तिचं उत्तर येईपर्यंत. हुकूम सोडणारा माणूस वाईट नाचतो, आणि वाट न बघणारा त्याहून वाईट. या जोडीला तर गाणं बदललं असतं तर पुढचं एक पाऊलही टाकता आलं नसतं.

कार्यक्रमात नाच बिनचूक झाला. टाळ्या पडल्या. माझी चुलती, नवरीची आई, शेजारी बसली होती. ती म्हणाली, “ग्वाड झालं. पर त्यांनी येकमेकाकडं बघितलंच न्हाई की रं.”

मी तिला सांगितलं नाही, पण तिची ही टीका ब्लॅकपूललाही लागू पडते. इंग्लंडमधल्या त्या गावात १९२० पासून बॉलरूमचा महोत्सव भरतो, जगातला सगळ्यात मानाचा. तिथल्या वॉल्ट्झमध्येही जोडी एकमेकांकडं बघत नाही. स्टँडर्ड नाचांत दोघांचीही मान डावीकडं असते, नजर जोडीदाराच्या खांद्यावरून पलीकडं. त्याला कारण आहे : शरीरं इतकी जवळ असताना समोर बघितलं तर कपाळ आपटेल, आणि पुढं जाणाऱ्याला वाटही दिसली पाहिजे. तिथं नजरेचं काम पोट आणि बरगड्या करतात. बघायची गरज उरत नाही, इतकं अंगाला कळत असतं. आमच्या लॉनवर मात्र नजरही नव्हती आणि अंगाला कळणंही नव्हतं. तिची मान डावीकडं होती, पण तिकडं जोडीदाराच्या पलीकडची वाट नव्हती, कॅमेरा होता. मिन्युएटच झाला तो. सभेकडं तोंड केलेला, बोटांच्या टोकांचा. वॉल्ट्झनं जी गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी मोडली, तीच आपण वॉल्ट्झच्या कपड्यांत परत आणली.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता, पण बहिणीनं घोळ घातला. लग्नानंतर दोन महिन्यांनी तिला मी हे सगळं, थोडं शहाणपणानंच, ऐकवलं. ती हसली. म्हणाली, “दादा, नाच गेला खड्ड्यात. साखरपुड्यानंतर आम्हाला बाहेर भेटू देत होते का घरचे? त्या सहा रविवारांत मी त्याच्याशी बोलले. त्याच्या हाताला घाम येतो हे मला तिथं कळलं. मी दोनदा त्याच्या पायावर पाय दिला, तर तो चिडतो का ते बघितलं.” चिडला नव्हता.

मी कोपऱ्यात बसून जे आठवीस पावलं मोजत होतो, त्याच्या मधल्या वेळात, म्हणजे कोरिओग्राफर मोबाइलवर गाणं मागं नेत असताना, खरा बॉलरूम चालू होता. आत्याबाईला ऐकू न जाणारं बोलणं. इथं आत्याबाई म्हणजे मी. सगळं घर परवानगी देऊन बसलंय, हात धरायला सबब मिळालीय, आणि सबबीचं नाव ‘प्रॅक्टिस’. जिथं मुलीला लग्नाआधी चारचौघांत होणाऱ्या नवऱ्याशेजारी उभं राहायचीही चोरी, तिथं ही सबब लहान नाही. त्यामुळं ‘ही आपली संस्कृती नाही’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आता जास्तच आहे. आणि कोरिओग्राफरशीही, कारण त्याच्या हातात सहा रविवार होते आणि त्यानं ते आरशाला दिले.

नाच म्हणून मात्र मी त्या व्हिडिओला अजूनही कमीच गुण देईन. भगवान आणि गीता बाली एकमेकांना धरत नाहीत, पण त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत तो तिच्याकडं असा बघतो की त्याला आपल्या नशिबावर विश्वास बसत नसावा, आणि तीही त्याची मजा बघत असते. वीतभर अंतर आहे, पण त्यातून सारखं काहीतरी ये-जा करतंय. मांडोत पंख्यावरून तेच चालतं. फुगडीत तर दोन्ही असतं, धरणं आणि बघणं, आणि तिथं बघण्याला व्यवहारी कारण आहे. गिरकी वेगात आली की मागचं घर, तुळस, बायका सगळं पुसट होऊन फिरायला लागतं. स्थिर असतो तो फक्त समोरचा चेहरा. त्यावरून नजर काढली की चक्कर येते. हे मला आत्यानं सांगितलं, मी लहान असताना, तिचे हात धरून पहिल्यांदा फिरलो तेव्हा.